मुक्तस्रोत कार्यप्रणालीसाठी माऊसची निवड : अहिल्यानगर जिल्ह्यातील संगणक-प्रयोगशाळांच्या दृष्टीने

विंडोज १० ह्या कार्यप्रणालीला मिळणारा नियमित व विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्यानंतरची विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक असलेल्या आणि साधारणतः २०१७ नंतरच्या पिढीतील प्रोसेसर असलेल्या यंत्रांवरच अधिकृतपणे बसविता येते. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे शाळा-महाविद्यालयांतील कित्येक संगणक एक प्रकारच्या विचित्र अवस्थेत सापडले आहेत. यंत्र म्हणून ते धडधाकट आहेत. परंतु त्यांच्यावर चालणारी प्रणाली मात्र म्हातारी झाली आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे २०२४ पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, चौदा तालुक्यांमध्ये विखुरलेल्या प्रयोगशाळांपुढे अशा वेळी दोनच मार्ग उरतात : नवीन यंत्रे घ्यावयाची, किंवा जुन्या यंत्रांवर लिनक्ससारखी मुक्तस्रोत कार्यप्रणाली बसवावयाची. दुसरा मार्ग स्वीकारण्याचा विचार सुरू होताच जो प्रश्न हमखास पुढे येतो, तो दिसावयास अगदी क्षुल्लक आहे : 'आमचे माऊस त्यावर चालतील काय? आणि नवे घ्यावयाचे तर कोणते घ्यावेत?'

प्रश्न क्षुल्लक असला तरी त्याचे परिणाम क्षुल्लक नाहीत. तीस यंत्रांच्या प्रयोगशाळेत तीस माऊस बदलावे लागतील ह्या समजुतीने एखाद्या संस्थेने हा विचारच सोडून दिला, तर तिच्या विद्यार्थ्यांचे एक वर्ष जुन्या, असुरक्षित प्रणालीवर जाते. उलट, खोक्यावरील चित्रे पाहून भलतेच माऊस खरेदी केले, तर पैसा जातो आणि दोष मात्र लिनक्सच्या माथी बसतो. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ 'चालतात' एवढेच देऊन न थांबता ते का चालतात, आणि कोठे चालत नाहीत, हे समजून घेणे इष्ट होय.

हा जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. संगणकशास्त्राच्या पदवी-अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकांमुळे लिनक्स आणि पोस्टग्रेसक्यूएल ही नावे येथील विद्यार्थ्यांस अपरिचित नाहीत. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सविषयीचे पाठ मराठी ध्वनीसह उपलब्ध करून दिले आहेत. सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही डेबियनवर आधारलेली भारतीय प्रणाली प्रसिद्ध केली आणि पुढे शाळांसाठी तिची 'एड्यूबॉस' ही आवृत्तीही काढली. दुसऱ्या बाजूस, २००१ पासून चालू असलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावच्या हजारो लोकांना माऊस हातात धरावयास शिकविले, तो मुख्यतः विंडोजच्या पडद्यावर. त्यामुळे माऊस ही विंडोजचीच वस्तू आहे असा एक अस्पष्ट ग्रह लोकांच्या मनात राहून गेला असल्यास नवल नाही.

ह्या ग्रहाला काही ऐतिहासिक आधारही आहे. माऊसचा पहिला नमुना १९६४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट ह्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश ह्यांनी तयार केला. एक लाकडी ठोकळा, त्याच्या तळाशी काटकोनात बसविलेली दोन चाके आणि वर एकच बटण, असे त्याचे रूप होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट ह्यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. पुढे वैयक्तिक संगणकांचा प्रसार झाला तेव्हा प्रत्येक कंपनीचा माऊस आपली निराळी सांकेतिक भाषा बोलू लागला. कोणी सिरियल जोडणीवर तीन बाइटांचा संदेश पाठवी, कोणी पाच बाइटांचा. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ ही गोल जोडणी आणली. तिच्यावरही चाकाच्या माऊसची भाषा साध्या माऊसहून वेगळी होती. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी लिनक्सचा आरंभ केला, तो ह्याच गोंधळाच्या काळात. त्या दशकात लिनक्सवर चित्रमय पडदा सुरू करावयाचा म्हणजे एका संरचना-फाईलमध्ये आपला माऊस कोणत्या पद्धतीचा आहे हे हाताने लिहावे लागे. नाव चुकले की पडद्यावरील बाण कोपऱ्यात जाऊन बसे, किंवा वेड्यासारखा धावत सुटे. 'लिनक्सवर माऊस चालत नाही' ह्या म्हणीचे मूळ ह्या काळात आहे. ती म्हण आजही ऐकू येते. परिस्थिती मात्र बदलून पाव शतक होत आले.

बदल घडविला तो एका सर्वमान्य मानकाने. १९९६ मध्ये यूएसबी ह्या जोडणीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्या अनुषंगाने 'ह्युमन इंटरफेस डिव्हाइस', म्हणजेच एचआयडी, ह्या वर्गाची व्याख्या करण्यात आली. कीबोर्ड, माऊस, जॉयस्टिक अशी जी साधने माणसाच्या हाताची हालचाल संगणकापर्यंत पोहोचवितात, त्या सर्वांनी एकाच पद्धतीने बोलावे, असा ह्या मानकाचा आशय आहे.

आपल्या भागातील एका परिचित वस्तूवरून हे चटकन ध्यानात येईल. कोपरगावचा किंवा राहुरीचा शेतकरी एका कंपनीच्या ट्रॅक्टरला दुसऱ्या कंपनीचा नांगर अथवा रोटाव्हेटर बिनदिक्कत जोडतो. हे शक्य होते, कारण ट्रॅक्टरच्या मागील तीन सांध्यांच्या जोडणीची मापे ठराविक वर्गांत बांधलेली आहेत, आणि मागच्या फिरत्या दांड्याची, म्हणजे पीटीओची, मिनिटाला ५४० फेऱ्यांची गतीही प्रमाणित आहे. रोटाव्हेटर बनविणाऱ्याने ट्रॅक्टर कोणाचा आहे हे विचारण्याचे कारण नाही. ट्रॅक्टर बनविणाऱ्यानेही मागे काय जोडले जाणार ह्याची चिंता करण्याचे कारण नाही. दोघांनी मानक पाळले की झाले. माऊस आणि कार्यप्रणाली ह्यांच्यामध्ये एचआयडी हे मानक नेमके हेच काम करते.

काम कसे चालते ते थोडे तपशिलाने पाहू. माऊस यूएसबीच्या तोंडात बसविताच संगणक त्याला प्रथम 'तू कोण?' असे विचारतो. माऊस आपला उत्पादक-क्रमांक, वस्तू-क्रमांक आणि आपला वर्ग सांगतो. त्यानंतर तो एक वर्णनपत्र सादर करतो. 'माझ्या प्रत्येक संदेशात इतके बिट बटणांचे, इतके आडव्या हालचालीचे, इतके उभ्या हालचालीचे आणि इतके चाकाचे आहेत' असा मजकूर त्या पत्रात ठरलेल्या परिभाषेत असतो. हे वर्णनपत्र हाच सगळ्या व्यवहाराचा कणा होय. ते वाचता येणाऱ्या कोणत्याही कार्यप्रणालीला त्या माऊसविषयी आधी काही ठाऊक असण्याची आवश्यकता राहत नाही. ह्याखेरीज एक अगदी साधी, तीन बाइटांची पद्धतही मानकात आहे : पहिल्या बाइटमध्ये बटणे, दुसऱ्यात आडवी हालचाल, तिसऱ्यात उभी. संगणक चालू होताना, कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वी, जो आरंभीचा पडदा दिसतो त्यास ही पद्धत पुरेशी होते. त्या साध्या संदेशात चाकाला जागाच नाही.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, यूएसबी माऊसची ही भाषा समजण्याची सोय जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ ह्या आवृत्तीपासून सर्वसाधारणपणे रुळली. आज कोणत्याही प्रचलित लिनक्स प्रणालीत ती आधीपासूनच असते. सीडीवरून किंवा संकेतस्थळावरून काही उतरवून घ्यावे लागत नाही. कर्नेलने उलगडलेला संदेश पुढे 'लिबइनपुट' नावाच्या ग्रंथालयाकडे जातो. २०१४ च्या सुमारास उदयास आलेले हे ग्रंथालय बाणाची गती, चाकाची दिशा, डाव्या हाताची मांडणी इत्यादी गोष्टी ठरविते, आणि मग बाण पडद्यावर सरकतो. 'लिनक्ससाठी माऊसचा ड्रायव्हर कोठे मिळेल?' असे विचारणाऱ्यास खरे उत्तर हे की, तो तुमच्या यंत्रात अगोदरच आहे.

मग निवडीचा प्रश्न उरतोच कोठे? तो उरतो माऊसच्या अधिक गुणांच्या बाबतीत. खोक्यावर छापलेली वैशिष्ट्ये वाचताना प्रत्येकाविषयी एकच गोष्ट विचारावी : हा गुण राहतो कोठे? तो मानकात राहत असेल, तर कोणत्याही प्रणालीवर मिळेल. तो माऊसच्या पोटातच राहत असेल, तरीही मिळेल. परंतु तो कंपनीच्या आज्ञावलीत राहत असेल, तर ती आज्ञावली ज्या प्रणालीवर चालते तेथेच तो मिळेल. आणि अशा आज्ञावल्या बहुधा विंडोज व मॅक ह्या दोहोंसाठीच बनविलेल्या असतात.

डावे-उजवे बटण, चाक, चाकाखालील दाब आणि अंगठ्याजवळची 'मागे-पुढे' जाण्याची दोन बटणे हे सर्व मानकातील होय. ती बटणे लिनक्सवरील ब्राउझरमध्ये विनातक्रार चालतात. संवेदनक्षमता बदलण्याचे चाकामागचे छोटे बटण पुष्कळ लोकांना संशयास्पद वाटते. वस्तुतः साध्या माऊसमध्ये ते बटण संगणकाला काही कळवीतच नाही, माऊसच्या आतल्या आत गती बदलते, म्हणून ते सर्वत्र चालते. ह्याउलट, 'हे बटण दाबताच अमुक आज्ञांची मालिका चालावी', 'रंगीत दिव्यांचा खेळ असा व्हावा', 'अमुक प्रोग्राम उघडताच बटणांचे अर्थ बदलावेत' हे गुण कंपनीच्या आज्ञावलीत राहतात. खेळांसाठी विकले जाणारे माऊस ह्या तिसऱ्या प्रकारच्या गुणांनी भरलेले असतात आणि त्यांची किंमतही त्याच गुणांसाठी आकारलेली असते.

येथे मुक्तस्रोत जगातील स्वयंसेवकांचे काम नोंदविणे न्याय्य ठरेल. लॉजिटेकच्या बिनतारी साधनांसाठी 'सोलार' हा प्रोग्राम आहे. 'लिबरॅटबॅग' आणि त्याचा चित्रमय चेहरा असलेला 'पायपर' ह्यांच्या साहाय्याने कित्येक कंपन्यांच्या खेळी माऊसची बटणे व संवेदनक्षमता लिनक्सवरून बदलता येते. रेझरच्या साधनांसाठी 'ओपनरेझर' हा स्वतंत्र प्रकल्प आहे. ज्यास असा माऊस घ्यावयाचाच आहे त्याने विकत घेण्यापूर्वी ह्या प्रकल्पांच्या याद्यांत आपला नेमका नमुना आहे की नाही हे पाहावे. कंपनी तीच, नाव जवळजवळ तेच, पण आतील चिप वेगळी, असे प्रकार ह्या बाजारात घडतात. शिवाय ज्या माऊसमध्ये स्वतःची स्मृती असते तो अधिक बरा. एकदा केलेली मांडणी त्याच्या पोटात राहते आणि यंत्र बदलले तरी टिकते. तथापि, प्रयोगशाळेसाठी ह्या भानगडीत पडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

खोक्यावरील दुसरी फसवी गोष्ट म्हणजे डीपीआयचा आकडा. माऊस एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, सरकविला असता तो जितके ठोके मोजतो तो त्याचा डीपीआय. पडद्याची रुंदी १,९२० बिंदू असेल आणि प्रत्येक ठोक्याला बाण एक बिंदू सरकत असेल, तर १,००० डीपीआयच्या माऊसने संपूर्ण पडदा ओलांडण्यास हात सुमारे ४.९ सेंटिमीटर न्यावा लागतो. ४०० डीपीआयला हेच अंतर १२ सेंटिमीटरांच्या वर जाते आणि ३,२०० ला अवघे दीड सेंटिमीटर उरते. पहिल्यांदाच माऊस धरणाऱ्या पाचवीतल्या मुलाला दीड सेंटिमीटरात सारा पडदा दिला, तर त्याच्याने एक चित्रही धड निवडले जाणार नाही. म्हणजे आकडा मोठा तितका माऊस चांगला हा समज निराधार होय. लेखन, प्रोग्राम-रचना व सामान्य शिक्षण ह्यांस ८०० ते १,६०० पुरे आहे.

लिनक्सच्या बाबतीत ह्या आकड्याला आणखी एक पदर आहे. निरनिराळ्या माऊसवर बाणाची गती सारखी वाटावी म्हणून लिबइनपुट प्रत्येक माऊसचा डीपीआय एका सूचीतून पाहून घेते. सूचीत नसलेला माऊस १,००० डीपीआयचा आहे असे ते गृहीत धरते. म्हणून सूचीबाहेरचा ३,२०० डीपीआयचा माऊस लावला की बाण उधळल्यासारखा वाटतो, आणि माणूस म्हणतो की लिनक्सवर माऊस नीट चालत नाही. उपाय सोपा आहे : माऊसवरील बटणाने संवेदनक्षमता उतरवावी, किंवा मांडणीतील गतीची पट्टी डावीकडे ओढावी. परंतु १,००० डीपीआयच्या आसपासचा साधा माऊस घेतला तर हा उपाय करण्याची वेळच येत नाही.

एका बाबतीत मात्र लिनक्स वापरणाऱ्याने इतरांहून अधिक चोखंदळ असावे. लिनक्सच्या पुष्कळ पडद्यांवर, विशेषतः टर्मिनलमध्ये, मजकूर नुसता निवडून दुसऱ्या ठिकाणी मधले बटण दाबले की तो तेथे उमटतो. प्रोग्राम लिहिणारा विद्यार्थी ही सोय दिवसातून शंभर वेळा वापरतो. मधले बटण म्हणजे आजच्या माऊसमध्ये चाकाखालचा दाब. स्वस्त माऊसमध्ये हा दाब इतका घट्ट असतो की दाबताना चाक फिरते व पान सरकते. दुकानात माऊस हातात घेतल्यावर डावे बटण सगळेच दाबून पाहतात. चाक दाबून पाहणारा विरळा. ते अवश्य पाहावे.

आता बिनतारी माऊसविषयी. हे दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात नखाएवढा रिसीव्हर यूएसबीत बसवितात. दुसऱ्यात ब्लूटूथने जोडणी होते. रिसीव्हरचा प्रकार कार्यप्रणालीच्या दृष्टीने तारेच्या माऊसइतकाच सोपा आहे, कारण रिसीव्हर संगणकाला स्वतःची ओळख एचआयडी साधन अशीच करून देतो आणि मधला रेडिओ-व्यवहार संगणकाच्या दृष्टीआड राहतो. २००९ मध्ये लॉजिटेकने आणलेल्या 'युनिफाइंग' रिसीव्हरवर सहापर्यंत साधने जोडता येतात. लिनक्सवर ही जोडणी सोलारच्या साहाय्याने करता येते. अनेक स्वस्त माऊसचे रिसीव्हर मात्र त्या एकाच माऊसशी कारखान्यात बांधलेले असतात. रिसीव्हर हरवला की माऊस निरुपयोगी! तीस विद्यार्थ्यांच्या वर्गात नखाएवढी वस्तू वर्षभर जागेवर राहील अशी अपेक्षा करणे हे मनुष्यस्वभावाविषयीच्या अज्ञानाचे लक्षण होय.

रिसीव्हरच्या बाबतीत एक गोष्ट लिनक्सवर अकारण ढकलली जाते. इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका तांत्रिक टिपणात असे दाखविले आहे की, यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा रेडिओ-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि जवळच्या बिनतारी साधनांत व्यत्यय आणतो. माऊसचा रिसीव्हर ह्याच पट्ट्यात काम करतो. यूएसबी ३.० ची पेनड्राइव्ह शेजारी लावली की बाण अडखळतो, तो ह्यामुळे. आणि लिनक्स बसविताना वा पेनड्राइव्हवरून चालवून पाहताना ती शेजारी असतेच. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या जोडणीत किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलवर लावावा, म्हणजे तक्रार नाहीशी होते.

सुरक्षिततेची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'माऊसजॅक' ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे उघड केले की, अनेक कंपन्यांचे बिनतारी माऊस आपले संदेश सांकेतिक न करता पाठवितात. त्यामुळे दूर बसलेला माणूस त्या रिसीव्हरवर बनावट कळा दाबल्याचा संदेश पाठवू शकतो. हा दोष रिसीव्हरचा असल्यामुळे कार्यप्रणाली बदलून तो जात नाही. काही रिसीव्हरांचे अंतर्गत प्रोग्राम दुरुस्त करण्यात आले, आणि ती दुरुस्ती लिनक्सवर 'एफडब्ल्यूअपडी' ह्या साधनाने बसविता येते. जेथे परीक्षेचे गुण किंवा फीचे हिशेब संगणकावर ठेवले जातात तेथे, निदान कार्यालयात, तारेचा माऊस व तारेचाच कीबोर्ड असावा.

ब्लूटूथचा माऊस लॅपटॉपवर सोयीचा खरा. लिनक्समध्ये त्याची व्यवस्था 'ब्लूझी' हा भाग पाहतो आणि ती सामान्यतः नीट चालते. परंतु एकाच यंत्रावर विंडोज व लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यास एक चमत्कारिक अनुभव येतो. विंडोजमध्ये जोडलेला माऊस लिनक्समध्ये ओळख देत नाही; तेथे पुन्हा जोडला की विंडोजमध्ये बंद पडतो. कारण असे की, प्रत्येक जोडणीच्या वेळी माऊस आणि संगणक ह्यांच्यात एक गुप्त किल्ली ठरते. माऊसच्या दृष्टीने दोन्ही प्रणाली एकाच पत्त्यावरचा एकच संगणक असतो, म्हणून नवी किल्ली ठरताच तो जुनी विसरतो. दोन-तीन यंत्रांशी जोडण्याची सोय असलेला माऊस घेऊन त्याचा एक क्रमांक विंडोजला व दुसरा लिनक्सला दिला, तर बहुतेक वेळा हा प्रश्न सुटतो. ज्यांना हे नको त्यांनी रिसीव्हरचा माऊस घ्यावा. शिवाय संगणकाच्या आरंभीच्या पडद्यावर ब्लूटूथ सहसा चालत नाही. प्रणाली बसविण्याच्या कामास तारेचा एक माऊस जवळ असावाच.

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व भागात, जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर ह्या पर्जन्यछायेतील तालुक्यांत, उन्हाळ्यात धुळीचा जो त्रास असतो त्याचाही विचार करणे प्राप्त आहे. जुन्या गोळीच्या माऊसमध्ये धूळ आतल्या दांड्यांवर चढे आणि दर आठवड्याला ती नखाने खरवडावी लागे. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्स्प्लोरर बाजारात आल्यानंतर प्रकाशीय माऊस सर्वत्र पसरला. त्याच्या तळाशी एक छोटा दिवा व एक अतिलघू कॅमेरा असतो. पृष्ठभागाची चित्रे सेकंदाला हजाराहून अधिक वेळा घेऊन, लागोपाठच्या चित्रांतील फरकावरून तो हालचाल काढतो. त्यामुळे धुळीचा उपद्रव पुष्कळ कमी झाला. काचेच्या किंवा आरशासारख्या गुळगुळीत मेजावर मात्र त्यास दिसण्याजोगे काही नसते. असे मेज असेल तेथे वहीचे पुठ्ठे खाली ठेवले तरी काम भागते.

धुळीने आजही बिघडणारे दोन भाग राहतात. एक चाक : त्याच्या यांत्रिक मोजणीत धूळ गेली की पान खाली नेताना मध्येच वर उसळी घेते. दुसरा बटणाखालील स्विच : तो झिजला की एकदा दाबूनही दोनदा दाबल्याचा संदेश जातो. ह्या दुसऱ्या दोषावर लिबइनपुटमध्ये मुळातच एक इलाज ठेवलेला आहे. काही मिलिसेकंदांच्या आत बटण सुटून पुन्हा दाबले गेल्याचे दिसल्यास ते हाताचे काम नव्हे, स्विचचा खडखडाट होय, असे ओळखून ते तो दुसरा संदेश गाळून टाकते. म्हणून विंडोजवर दुहेरी दाबामुळे बाजूला टाकलेला एखादा माऊस लिनक्सवर आणखी काही महिने काम देऊ शकतो. जुने माऊस भंगारात घालण्यापूर्वी ते लिनक्सवर लावून पाहणे हिताचे.

खरेदीपूर्वीची परीक्षा दहा मिनिटांची आहे. पेनड्राइव्हवर चालणारी कोणतीही लिनक्स प्रणाली घेऊन एखादा लॅपटॉप तिच्यावरून सुरू करावा. यंत्रातील मूळ प्रणालीला धक्का लागत नाही. माऊस जोडल्यावर टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा इंग्रजी लिपीत द्यावी, म्हणजे यादीत त्याचे नाव व क्रमांक दिसतात. त्यानंतर 'लिबइनपुट डिबग-इव्हेंट्स' ही आज्ञा व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालविली की प्रत्येक हालचाल, प्रत्येक दाब आणि चाकाचा प्रत्येक टप्पा एकेका ओळीने पडद्यावर उमटतो. काही प्रणालींत ह्यासाठी लिबइनपुटची साधने वेगळी बसवावी लागतात. एखादे बटण दाबूनही ओळ उमटली नाही, तर ते बटण एकतर माऊसच्या आतल्या कामाचे आहे, किंवा कंपनीच्या आज्ञावलीवाचून मुके आहे. वीस माऊस घ्यावयाचे असल्यास एक नमुना आणवून त्याची अशी परीक्षा करावी आणि मगच मागणी नोंदवावी. नगरच्या बाजारात घेतलेली वस्तू बदलून मिळू शकते. पुण्या-मुंबईहून मागविलेली वस्तू जामखेडहून परत धाडावयाची म्हणजे वाहतुकीचा खर्च माऊसच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

नमुने सांगावयाचेच तर डेलचा एमएस ११६ किंवा लॉजिटेकचा बी १०० ह्यांसारखे तारेचे, काही शे रुपयांत मिळणारे, साधे माऊस प्रयोगशाळेस पूर्णपणे पुरे आहेत. परंतु संस्थेची खरेदी नावावरून न होता वर्णनावरून होते, आणि तेथेच घोटाळा होतो. जुन्या मागणीपत्रांत 'विंडोजशी सुसंगत' हे शब्द पिढीजात चालत आलेले असतात. त्यांनी काहीच साधत नाही; जवळजवळ प्रत्येक माऊस विंडोजशी सुसंगत असतोच. त्याऐवजी मागणीपत्रात असे लिहावे : 'यूएसबी जोडणीचा, तारेचा, प्रकाशीय माऊस, यूएसबी एचआयडी वर्गाच्या मानकानुसार, कोणत्याही वेगळ्या आज्ञावलीवाचून सर्व बटणांसह चालणारा, दोन बटणे व दाबता येणारे चाक, संवेदनक्षमता १,००० डीपीआयच्या जवळपास, दोन्ही हातांस सारखा आकार, तार किमान दीड मीटर, लिनक्सवर नमुना-चाचणी झाल्यानंतरच स्वीकारला जाईल.' २०१६ पासून सरकारी खरेदीसाठी चालू असलेल्या जेम संकेतस्थळावरून मागणी करणाऱ्या संस्थांनीही वस्तूचे वर्णन ह्याच दृष्टीने तपासून घ्यावे.

ह्या वर्णनातील 'दोन्ही हातांस सारखा आकार' हे शब्द सहज घातलेले नाहीत. उजव्या तळव्याच्या उंचवट्याप्रमाणे घडविलेला माऊस दुकानात छान वाटतो, पण डावखुऱ्या विद्यार्थ्याला तो धरताच येत नाही. लिनक्सच्या मांडणीत माऊसच्या विभागात डावे-उजवे बटण अदलाबदल करण्याची सोय आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते वेगळे ठेवल्यास ती त्याच्यापुरतीच लागू होते. आकाराची अडचण मात्र कोणत्याही मांडणीने दूर होत नाही. प्राथमिक शाळांसाठी ह्याच न्यायाने लहान चणीचा माऊस घ्यावा.

अखेरीस, गोल पीएस/२ जोडणीच्या माऊसचे काय? लिनक्सचे कर्नेल त्यांना आजही ओळखते, आणि ज्या जुन्या यंत्राला हिरव्या रंगाचे ते गोल छिद्र आहे तेथे ते खुशाल वापरावेत. यूएसबीचे एक तोंड मोकळे राहते. फक्त यंत्र चालू असताना हा माऊस काढू-घालू नये. यूएसबी माऊस गोल छिद्रात बसविण्यासाठी बाजारात जे छोटे हिरवे टोपण मिळते, ते प्रत्येक माऊसला उपयोगी पडत नाही. त्यात कसलेही मंडल नसते, केवळ तारा जोडलेल्या असतात, आणि दोन्ही भाषा बोलणारा माऊस असेल तरच ते चालते. जुना पीएस/२ माऊस नव्या यंत्राच्या यूएसबीत लावावयाचा असल्यास मात्र आत मंडल असलेले, तारेचे रूपांतर-साधन घ्यावे. ते संगणकासमोर स्वतःच एचआयडी साधन म्हणून उभे राहते.